चुणीमास्तर आणि सात खिडक्या

पडदे शिवणाऱ्या माणसाच्या घराला एकही खिडकी नसावी, याला काय म्हणायचं ते म्हणा, पण चुणीमास्तरांच्या घराला नव्हती. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आणि वर हातभर झरोका. त्या झरोक्यातून उजेडापेक्षा शेजारच्यांची भांडणंच जास्त यायची.

चुणीमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पडद्याच्या दोन चुण्यांमधलं अंतर चार बोटं असावं, साडेतीन नको आणि साडेचार तर मुळीच नको, यावर त्यांनी आयुष्यात जेवढे वाद घातले तेवढे दुसऱ्या कशावरही घातले नाहीत. तेव्हा गल्लीनं नाव ठेवलं, आणि गल्लीनं ठेवलेलं नाव सुटत नाही.

वाकडा पडदा दिसला की मास्तरांचे हात शिवशिवायचे. दाढ काढायला गेले तेव्हा तोंडात कापूस, वर दिवा, दंतवैद्य चिमटा घेऊन उभा, आणि हे खुर्चीतून उठून खिडकीकडे गेले. दोन कड्या निसटल्या होत्या म्हणे. लेकीच्या जन्माच्या वेळी तर कहरच केला. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "मुलगी झाली." मास्तर स्टुलावर उभे राहून वॉर्डाचा पडदा ओवत होते. म्हणाले, "एक मिनिट, एक कडी राहिली." या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. बायकोच्या हिशेबी ती कालच घडली.

हाताला जितकं कसब, तितकी जिभेला भीड. शिवून दिलेल्या पडद्याचे पैसे मागायचे म्हटलं की मास्तरांना ताप भरल्यासारखं व्हायचं. गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहून हवापाण्याच्या गप्पा मारायचे, त्यांच्या आजीची तब्येत विचारायचे आणि परत यायचे. "ताकाला गेलात आणि भांडं लपवून आलात," बायको म्हणायची. भीड ही भिकेची बहीण, हेही तिचंच. पण मास्तरांनी या बहिणीला जन्मभर घरात सांभाळलं.

एका बाबतीत मात्र ते लोखंडासारखे होते, ती त्यांची मापांची वही. वहीत चार रकाने. रुंदी, उंची, कापड आणि चौथा 'मागे'. पडद्याच्या मागे काय आहे ते या रकान्यात लिहायचं. दुपारचं ऊन, रस्ता, शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर, जे असेल ते. अस्तर कुठलं लावायचं ते त्यावर ठरतं. आणि पान भरलं की खाली गिऱ्हाइकाची सही. एका बाईंनी एकदा "मी एवढा लांब सांगितलाच नव्हता" म्हणून अठरा हात कापड अंगावर टाकलं होतं, तेव्हापासून सहीशिवाय मास्तर कात्रीला हात लावत नसत.

आता बदकांच्या पडद्याचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

लेक पाच वर्षांची असताना मैत्रिणीकडे जाऊन आली आणि तिनं हट्ट धरला, आपल्याही घराला खिडकी हवी. मास्तर खिडकी कुठून आणणार? त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. उरलेल्या पिवळ्या कापडावर बदकं होती. त्याचा झकास पडदा शिवला, चार-चार बोटांच्या चुण्या घातल्या आणि तिच्या पलंगाजवळच्या कोऱ्या भिंतीवर दांडा ठोकून लावून दिला. पोरगी खूश.

"बाबा, उघडा ना खिडकी."

"आत्ता नको. बाहेर रात्र आहे."

महिनाभर त्या पडद्यामागे रात्रच होती. सकाळी दूधवाला येऊन गेला तरी रात्र. मग एका दुपारी तिनं स्वतःच स्टूल ओढलं आणि पडदा सरकवला. मागे भिंत, आणि भिंतीला एक वाकडा खिळा. मास्तर दारात उभे होते. आता भोकाड पसरणार म्हणून त्यांनी कानांवर हात ठेवायची तयारी केली. पण ती रडली नाही. पडदा परत नीट लावला, खाली उतरली आणि म्हणाली, "अजून रात्रच आहे." बापाला सांभाळून घेतल्यासारखं. मास्तरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पडदा मात्र तिथंच राहिला. ना कोणी काढला, ना कोणी त्याचं नाव घेतलं.

तीच लेक पुढे त्या दंतवैद्याकडेच मदतनीस म्हणून लागली आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा पाण्याचे मीटर तपासणारा, साधा, प्रत्येक गोष्ट दोनदा वाचून बघणारा. दागिने काय, कपडे काय, तिनं कशातच फारसं तोंड घातलं नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, मला मोठ्या खिडक्यांचा हॉल हवा."

मास्तरांनी गावभर हॉल पाहिले आणि तळ्याकाठचा ठरवला. वरच्या मजल्यावर लांबलचक हॉल, एका अंगाला सात खिडक्या, सगळ्या तळ्याकडे उघडणाऱ्या. दोन वर्षांची शिल्लक त्यांनी अनामत म्हणून भरली. करार करताना कारकुनाला म्हणाले, "सात खिडक्या, उघडणाऱ्या, असं लिहा." कारकून हसला. लोक जेवणाची ताटं लिहून घेतात, खुर्च्या लिहून घेतात, खिडक्या लिहून घेणारा पहिलाच माणूस. पण लिहिलं. खाली छापील कलम होतंच, की हॉल बदलावा लागल्यास सर्व बाबतींत समान हॉल देऊ, तसा न दिल्यास अनामत पूर्ण परत.

लग्नाला पाच आठवडे उरले आणि पत्र आलं. काही अपरिहार्य कारणांमुळे आपला कार्यक्रम वरच्याऐवजी खालच्या हॉलमध्ये होईल, सोयी सर्व तशाच, कळावे. अपरिहार्य कारण म्हणजे एक फरशांचा व्यापारी. त्यानं आपल्या मुलासाठी त्याच तारखेला दुप्पट भाडं देऊ केलं होतं. आणि खालचा हॉल म्हणजे कालपरवापर्यंत मोडक्या खुर्च्यांचं गोदाम.

लेकीनं पत्र वाचलं, घडी घालून ठेवलं आणि म्हणाली, "असू दे बाबा. दिवे लावतील की." तिचं ते 'असू दे' मास्तरांच्या काळजात टाचणीसारखं रुतलं. यापेक्षा तिनं भांडी आपटली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या हॉलची सोय बायकोनं लावली. वाचनालयाची वरची मोठी खोली, चार खिडक्या. ग्रंथपालबाई म्हणाल्या, तारीख रिकामी आहे, पण बुद्धिबळ मंडळही मागतंय. पुढच्या शनिवारपर्यंत पैसे भरा, नाहीतर खोली त्यांची. पैसे तळ्याकाठच्या मॅनेजरच्या कपाटात. म्हणजे अनामत परत आणायची. म्हणजे मागायची. म्हणजे मास्तरांनी!

पहिल्या दिवशी गेले. मॅनेजर लोण्यासारखा मऊ माणूस. "या या मास्तर, बसा, चहा घ्या." मास्तर बसले. समोर मॅनेजरच्या केबिनचा पडदा, तीन कड्या सुटलेल्या, एका बाजूला लोंबणारा. मास्तरांनी नजर वळवली. चहात बघितलं, छताकडे बघितलं, बुटांकडे बघितलं. शेवटी उठलेच.

घरी आले तेव्हा बायको दारातच. "दिले?"

"पडदा नीट लावून दिला."

"कोणाचा?"

"त्यांचा."

बायकोनं उलथनं कढईत टाकलं, त्याचा आवाज झरोक्यातून शेजारी गेला आणि शेजारचं भांडण थांबलं.

दुसऱ्या खेपेला बायकोनं आपला भाऊ बरोबर दिला. मेहुणा एकदा कोर्टात सायकलचोरीच्या खटल्यात साक्षीदार होता, तेव्हापासून स्वतःला अर्धा वकील समजायचा. "दाजी, तुम्ही फक्त गप्प बसा. मी कायद्यात पकडतो त्याला." मास्तरांना गप्प बसायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. ते बसले. मेहुण्यानं टेबलावर मूठ आपटली, "करारभंग!" म्हणाला, "नुकसानभरपाई!" म्हणाला, "मे महोदय!" असंही काहीतरी म्हणाला. मॅनेजरनं शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि मग विचारलं, "साहेब, तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?" 

अर्ध्या तासानं दोघं बाहेर पडले तेव्हा मास्तरांची अनामत आतच होती आणि शेजारी मेहुण्याचीही होती. त्यानं खालचा हॉल आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी ठरवला होता. "निम्म्या भाड्यात दिला, दाजी! आपला वचक बसला त्याच्यावर."

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," बायको म्हणाली. "इथे तर व्याही सोडा, माझा सख्खा भाऊच घोडा निघाला."

तिसऱ्या खेपेला मॅनेजरनंच बोलावलं. मास्तरांना वाटलं, आता देतो. त्यानं खांद्यावर हात टाकला आणि खालच्या हॉलमध्ये नेलं. रंगाचा वास, चार भिंती, वर चार पंखे. "मास्तर, करारात सात खिडक्या आहेत ना? आपण दिलेल्या शब्दाला जागतो. सात खिडक्या होणार. पडदे तुम्हीच शिवायचे. रोख पैसे."

मास्तरांनी चारी बाजूंना पाहिलं. "खिडक्या कुठं आहेत?"

"अहो, पडदा लावल्यावर मागे काय आहे ते कोण बघतंय?"

इथे एखाद्यानं मॅनेजरच्या डोक्यात खुर्ची घातली असती. मास्तरांनी खिशातून टेप काढला. का काढला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पडद्याचं काम आलं की टेप आपोआप बाहेर यायचा, शिंक यावी तसा. रुंदी घेतली, उंची घेतली, कापड विचारलं, चौथा रकाना भरला. सात ओळी झाल्या. मग वही पुढे केली. मॅनेजर फोनवर फरशीवाल्याशी बोलत होता. त्यानं न बघता फर्रकन सही ठोकली, तारखेसह.

घरी आल्यावर मास्तर मुकाट्यानं कापड बेतायला बसले. लेक दवाखान्यातून आली, चपला काढता काढता वहीत डोकावली आणि तिथंच एका पायावर थांबली.

"बाबा, हे काय? एक, मागे भिंत. दोन, मागे भिंत. तीन, मागे भिंत..."

"जे आहे ते लिहायचं असतं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मान वर केली नाही.

लेक हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून. "आई, ये बघ! मॅनेजरनं सही केलीय! स्वतःच्या हातानं लिहून दिलंय, सात खिडक्या म्हणजे सात भिंती!" हसता हसता तिची नजर आतल्या खोलीत गेली, पिवळ्या बदकांवर. ती क्षणभर थांबली. मास्तरांनी तिची नजर कुठं गेली ते पाहिलं.

बायकोनं वही त्यांच्या हातात दिली. "उद्या शुक्रवार. ही वही आणि तो करार त्याच्या नाकासमोर धरा आणि पैसे आणा. नाहीतर याच कापडात गुंडाळून तुम्हाला बुद्धिबळवाल्यांकडे पाठवते, प्यादं म्हणून!"

शुक्रवारी दुपारी मास्तर निघाले. एका हातात वही आणि करार, दुसऱ्या हातात नमुन्याचा एक पडदा. नमुना दाखवतो असा शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द पाळायचाच, मग तो चोराला दिलेला का असेना, अशी यांची बुद्धी.

खालच्या हॉलमध्ये मॅनेजर एका गिऱ्हाइकाला हॉल दाखवत होता. लग्नाची मुलगी, तिचे वडील आणि तिची आत्या. आत्याबाई चांगल्या ऐसपैस, हातात घडीचा पंखा, तोंडानं फटकळ. मास्तरांना बघून मॅनेजरचा चेहरा उजळला. "हे बघा, आमचे पडदेवाले आलेच! मास्तर, तो एक लावून दाखवा बरं."

मास्तरांनी नेहमीप्रमाणे ऐकलं. शिडीवर चढले, पडदा ओवला, चुण्या बोटांनी मोजल्या. पडदा सुरेख बसला. खाली मॅनेजर हात फिरवून सांगत होता, "ही झाली एक खिडकी. अशा सात. संध्याकाळी तळ्यावरचा वारा येतो."

"येतो का?" आत्याबाई म्हणाल्या. "मग आत्ताच येऊ द्या की. जीव उकडून निघाला माझा. अहो मास्तर, जरा उघडा ना ती खिडकी."

मास्तरांचा हात दोरीवर होता. त्यांनी खाली पाहिलं. मॅनेजरनं डोळे मोठे केले, मान हलवली आणि मग आत्याबाईंकडे वळून मधाळ आवाजात म्हणाला, "आत्ता नको मावशी. बाहेर धूळ आहे."

आत्ता नको. मास्तरांच्या कानात एकवीस वर्षांपूर्वीचा त्यांचा स्वतःचाच आवाज वाजला. आत्ता नको, बाहेर रात्र आहे. त्यांनी ते वाक्य एका पोरीला म्हटलं होतं, आणि निदान प्रेमानं म्हटलं होतं. हा माणूस तेच वाक्य भाड्यानं देत होता. मास्तरांच्या डोक्यात एक कडी सुटली आणि त्यांनी सर्रकन दोरी ओढली.

मागे भिंत. भिंतीवर नव्या रंगाखालून जुनी मोठी अक्षरं अजून दिसत होती, 'येथे खुर्च्या रचू नयेत'.

आत्याबाईंनी पंखा हलवायचा थांबवला. "तळं कुठंय?" त्यांनी विचारलं.

आणि मग जन्मात कधी वरच्या पट्टीत न बोललेले चुणीमास्तर शिडीवर उभे राहून वही उघडून वाचायला लागले. त्यांच्याबरोबर शिडीही कापत होती. "खिडकी पहिली. रुंदी चार हात, उंची पाच हात. मागे भिंत. खिडकी दुसरी. रुंदी चार, उंची पाच. मागे भिंत. खिडकी तिसरी..." मॅनेजर म्हणाला, "मास्तर, खाली या." मास्तर म्हणाले, "अजून चार राहिल्यात." आणि त्यांनी एकही न गाळता सातही वाचल्या. "खाली सही, मॅनेजरसाहेब. कालची तारीख. माझ्या करारात सात उघडणाऱ्या खिडक्या आहेत. समान हॉल नाही, तर अनामत पूर्ण परत, असं तुम्हीच छापलंय. माझी अनामत द्या. मी खाली येणार नाही."

खाली येणार नाही हे खरं तर त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. पाय इतके लटपटत होते की त्यांना उतरताच येत नव्हतं. पण मॅनेजरला ते काय माहीत? त्याला वाटलं, आता हा माणूस येईल त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला शिडीवरून सात भिंती वाचून दाखवणार. आत्याबाई तर हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या, नेमक्या खुर्च्या रचू नयेत तिथंच.

मॅनेजर केबिनमध्ये गेला, पाकीट घेऊन आला आणि शिडीखाली उभा राहून म्हणाला, "थोडे व्यवस्थापन खर्चाचे कापलेत."

"सगळे आणा," आत्याबाई म्हणाल्या. "नाहीतर मी धरते शिडी. संध्याकाळपर्यंत वाचू दे त्यांना."

तो परत गेला आणि सगळे घेऊन आला. मग त्या लग्नाच्या मुलीच्या वडिलांनी मास्तरांना हाताला धरून एकेक पायरी उतरवलं. शेवटच्या पायरीवर मास्तर थांबले, पुन्हा वर चढले, पडद्याची एक चुणी जरा पसरली होती ती चार बोटांवर आणली, आणि मगच उतरले. भिंतीवरचा असला तरी पडदा तो पडदा.

बायकोनं पाकीट हातात घेतलं, त्यांच्याकडे बघितलं आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वॉर्डाच्या पडद्याचा विषय न काढता त्यांना वाढलं. शनिवारी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी ती पायरीवर बसली होती. बुद्धिबळवाले दुसऱ्या चालीतच हरले. मेहुणा मात्र सोमवारपासून आपली अनामत सोडवायला मॅनेजरकडे खेपा घालायला लागला. दर खेपेला त्याला चहा मिळतो, असं तो अभिमानानं सांगतो.

लग्न चार खिडक्यांत झालं. ग्रंथपालबाईंनी विचारलं, "मास्तर, पडदे तुम्हीच लावणार ना?" मास्तर म्हणाले, "एकही नाही." असलेले होते तेही त्यांनी आदल्या दिवशी उतरवून ठेवले. भर सकाळचं ऊन सरळ आत आलं. फोटोत झाडून सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत, नवरदेव तर शिंकतोय. लेक तेवढी डोळे बारीक करून खिडकीकडे बघून हसतेय.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "बाबा, आमच्या खोलीला पडदा हवाय. सकाळी ऊन येतं तोंडावर."

मास्तर टेप आणि वही घेऊन गेले. खिडकी चांगली रुंद होती. रुंदी लिहिली, उंची लिहिली. "कापड?" त्यांनी विचारलं.

"नवीन नको," लेक म्हणाली. "ती बदकं आणा."

"अगं, ते पुरणार नाही. अर्धीच झाकेल."

"अर्धी उघडी राहिली तर चालेल मला."

मास्तरांनी मान खाली घातली आणि बराच वेळ पेन्सिलीचं टोक तपासत राहिले. मग खिडकीतून बाहेर बघून चौथा रकाना भरला. मागे: रस्ता, चिंचेचं झाड, कोणाची तरी सायकल, ऊन.

"सही कर," ते म्हणाले. "नंतर लोक शब्द फिरवतात."

तिनं चारही रकाने नीट वाचले आणि सही केली.